बस्त्यावबाबांचा पांढरा शर्ट

हूटर वाजायला लागून पाच मिनिटं झाली होती. वृद्धांच्या होमच्या अंगणातल्या आंब्याखाली सगळे जमले होते. कोणी काठी टेकून, कोणी व्हीलचेअरवर, चौघांना ब्लँकेटवरून ओढत आणायचं होतं त्यातले तीन आले होते. सिस्टरनी यादी वाचली, मी डोकी मोजली. दोन कमी भरली.

"कोण राहिलं?"

"वरचे बस्त्यावबाबा," सिस्टर म्हणाल्या. "आणि सुनंदा."

सुनंदा म्हणजे पहिल्या मजल्यावरची आया. गोडदेवहून रोज दोन रिक्षा आणि एक बस करून उत्तनला कामाला येते. दोन मुली, एक दहावीला. बस्त्यावबाबा म्हणजे वयाची ऐंशी ओलांडलेले, अर्धांगाच्या झटक्याने डावी बाजू गेलेले, आमच्याच गावचे जुने तांडेल. तांडेल म्हणजे मासेमारीच्या बोटीवरचा मुख्य माणूस, बोट कुठे न्यायची आणि कधी परत फिरवायची ते ठरवणारा.

स्टॉपवॉच चालू ठेवूनच मी जिना चढलो. खरी आग असती तर एव्हाना जिन्यात धूर भरला असता आणि मला वर जाताच आलं नसतं. हे सारखं डोक्यात येत होतं. कोपऱ्यातल्या खोलीचं दार उघडं होतं. खाटेखालची लोखंडी ट्रंक बाहेर ओढलेली, झाकण उघडं. बाबा उशीला टेकून बसले होते. अंगात पांढराशुभ्र, कडक इस्त्रीचा, लांब बाह्यांचा शर्ट. केस नीट विंचरलेले. उजव्या हातात रोझरी, म्हणजे जपमाळ. आणि सुनंदा त्यांच्यापुढे वाकून बटणं लावत होती.

"काय चाललंय काय इथे?" मी ओरडलोच.

"झालंच सर, दोन बटणं राहिलीत." तिने मान वर केली नाही. "बाबा म्हणाले, आधी शर्ट."

बाबांनी माझ्याकडे शांतपणे बघितलं. "मी रेडी हाय, पोरा. तुम्ही जा."

माझं डोकं फिरलं. पण का फिरलं ते कळायला थोडं मागे जावं लागेल.

मी फायर सेफ्टी ऑडिटर आहे. बिल्डिंगमध्ये आग लागली तर माणसं बाहेर पडतील का, हे तपासणं माझं काम. आगीच्या धंद्यात बावीस वर्षं झाली. जन्म उत्तनचा, आता बेव्हर्ली पार्कात फ्लॅट आहे. मॉल, शाळा, कारखाने, हॉस्पिटल, सगळीकडे जातो. लाल सिलेंडर भरलेले आहेत का, हूटर म्हणजे धोक्याचा भोंगा वाजतो का, जिन्यात सामान ठेवलंय का, ते बघतो. शेवटी मॉक ड्रिल घेतो. मॉक ड्रिल म्हणजे आग लागलीय असं समजून सगळ्यांनी बाहेर पडायचं, ठरलेल्या जागी जमायचं आणि डोकी मोजायची. सगळं वेळेत झालं की मी सर्टिफिकेट देतो.

आता एक आतली गोष्ट सांगतो. आमच्या धंद्यात ड्रिल कधीच अचानक नसतं. क्लायंटचा फोन आधीच येतो, "सर, डेट काय ठेवायची?" डेट दिली की त्या दिवशी जिने रिकामे, हूटरची बॅटरी नवी, सिलेंडर पुसलेले. बघायचं असेल तर सिलेंडर भिंतीवरून उचलून मागे हात फिरवायचा. पुढून चकचकीत आणि मागे बोटभर धूळ. म्हणजे काल पुसलाय. मला हे कळत नव्हतं असं नाही. कळायचं, तरी मी सही करायचो. सगळेच करतात, आपणच कशाला शहाणपणा दाखवायचा, असं म्हणायचो.

सिस्टर बेनेडिक्टांचं वृद्धांचं होम उत्तनच्या टेकडीखाली आहे. खाली बायकांचा वॉर्ड, चॅपल आणि स्वयंपाकघर. वर अकरा पुरुष. जानेवारीत त्यांनी मला बोलावलं. मी सवयीप्रमाणे डेट दिली. त्या दिवशी साडेनऊला पोचलो तर हूटर दाबायच्या आधीच वरचे चारही अंथरुणाला खिळलेले म्हातारे अंगणात आंब्याखाली चहा पीत बसलेले! स्टाफने सकाळीच उचलून आणून ठेवले होते. ड्रिल साडेतीन मिनिटांत संपलं. रेकॉर्डच म्हणायचं. मी हसलो. स्टाफही हसला.

सिस्टर हसल्या नाहीत. साठीच्या पुढच्या, बुटक्या, वसईकडच्या. बोलायला मऊ, पण नजर मास्तरणीची.

"मिस्टर पास्कल, हे मला दाखवायला केलं की आगीला?"

"सिस्टर, सगळीकडे असंच असतं."

"सगळीकडचं मला नका सांगू. तुम्ही कॅटेकिझमला, धर्मशिक्षणाच्या वर्गाला, इथेच होतात ना, आमच्याच शाळेत? न्यायाच्या दिवसाबद्दल काय शिकवलं होतं?"

मी चाळिशीत केस गेलेला माणूस, आता पन्नाशी उलटली, पण त्या बाईपुढे मी चौथीतला पोर झालो. "चोरासारखा येईल, असं काहीतरी."

"काहीतरी नाही. तसंच. सांगून नाही येणार. मग आगच का सांगून येईल?" त्यांनी माझ्या हातातला कागद मागे सारला. "हे सर्टिफिकेट मला नको. तुम्ही परत या. कधी येणार ते मला सांगू नका. मलासुद्धा नाही."

एवढ्यावर थांबल्या असत्या तर त्या सिस्टर बेनेडिक्टा कसल्या? ट्रस्टच्या मीटिंगमध्ये त्यांनी ठराव करून घेतला. अचानक ड्रिलमध्ये वरचा मजला सहा मिनिटांत रिकामा झाला नाही, तर तो मजला बंद. अकरा म्हाताऱ्यांची दुसरीकडे सोय बघायची. खाली जागा नव्हती, खालच्या बायका तर यांच्याहून थकलेल्या. आणि अकरांपैकी सातजणांना 'दुसरीकडे' असं काही नव्हतंच. कोणाला न्यायला यायला माणूस राहिलेला नव्हता.

फेब्रुवारीत एका मंगळवारी मी गेलो. सकाळचे साडेदहा, आंघोळींची वेळ. गेटवरच्या वॉचमनने मला बघितलं आणि त्याचा चेहरा पडला. "साहब, आज तो ड्रिल नहीं था ना?"

"आज भी नहीं है," म्हणून मी आत शिरलो आणि कॉरिडॉरमधल्या लाल डबीची काच फोडली. हूटर सुरू झाला.

अपेक्षेपेक्षा बरं झालं, खोटं कशाला बोलू. एक आजोबा साबणाच्या फेसासकट टॉवेल गुंडाळून आले. स्वयंपाकिणीने गॅस बंद केला. जुजे नावाचे एक आजोबा, ज्यांना धड चालता येत नाही म्हणून सगळे त्यांना धरतात, ते कोणी धरायच्या आत स्वतः उतरले. आणि मग ते दोन कमी भरले.

तर आता परत त्या खोलीत या.

मी आणि सुनंदाने मिळून बाबांना ब्लँकेटवर घेतलं. ब्लँकेट ड्रॅग म्हणतात त्याला. जाड ब्लँकेटवर माणसाला आडवं करायचं, डोक्याच्या बाजूने धरून जमिनीवरून ओढत न्यायचं. जिन्यात दोघं लागतात, एक डोक्याशी, एक पायाशी. बाबा पूर्ण वेळ पुटपुटत होते, शर्ट चुरगळतोय म्हणून. खाली पोचलो तेव्हा घड्याळात नऊ मिनिटं चाळीस सेकंद.

मी रिपोर्टमध्ये लिहिलं, पहिला मजला, फेल.

दुसऱ्या दिवशी ट्रस्टच्या सेक्रेटरींचा फोन. "अरे पास्कल, एक माणूस स्वतःच यायला तयार नाही. त्यात बिल्डिंगचा काय दोष?"

"बिल्डिंग पासच आहे, सर. माणसं फेल आहेत."

"तू आपला गाववाला ना? दहा माणसं वेळेत उतरली, असं लिही. खोटं थोडंच आहे?"

"आणि सुनंदा? तिला कुठे लिहू?"

ते म्हणाले, "सिस्टरशी बोल."

सिस्टरशी बोललो. त्या म्हणाल्या, "जे आहे ते लिहा. पंधरा दिवस द्या आणि परत या." आवाज नेहमीसारखाच होता. पण फोन ठेवायच्या आधी म्हणाल्या, "पास्कल, त्या सातजणांना कुठे पाठवू हो मी?"

शेवटी मी बाबांशीच बोलायला गेलो. हे माझं काम नव्हतं. ऑडिटरने समजूत घालायची नसते. पण माझे वडील त्यांच्या बोटीवर खलाशी होते, लहानपणी मी त्यांच्या अंगणात सुके बोंबील राखत बसलेलो. म्हटलं, ऐकतील.

बाबांनी मला ट्रंक उघडून दाखवायला लावली. आत पांढऱ्या शर्टाची घडी, परत इस्त्री केलेली. काळी पँट. नवे मोजे. मेणबत्ती. झावळ्यांच्या रविवारी चर्चमध्ये मिळालेला, आता वाळलेला पात्याचा क्रॉस. आणि एका वहीच्या पानावर, कोणाकडून तरी लिहून घेतलेलं, मातीच्या दिवशी मिस्सेत, म्हणजे चर्चमधल्या प्रार्थनेत, कुठली गीतं म्हणायची ते.

"बघितलंस? माझं सगळं झालंय. दर महिन्याला कन्फेशन, फादरपुढं पापं सांगून मोकळा. फादर येऊन कम्युनियनची भाकर देतात. आजाऱ्याचं शेवटचं तेल पण लावून घेतलंय. कोणाशी भांडण न्हाय. बायको वाट बघत बसलीय तिकडं बारा वर्षं. मग आग आली काय, ताप आला काय. हूटर वाजला, मी म्हटलं, चला, बोलावणं आलं. शर्ट काढ गं बाय."

"बाबा, ते ड्रिल होतं."

"तू तर सांगून येत न्हाईस म्हणे आता. मग मला कसं कळणार, ड्रिल की खरं?"

मला त्यांचा हेवाच वाटला, खरं सांगतो. मरणाला इतका न घाबरलेला माणूस मी बघितला नव्हता. आगीच्या धंद्यात मी बरीच घाबरलेली माणसं बघितलीत.

"तुझं कन्फेशन कधी झालं रे?" बाबांनी अचानक विचारलं.

मी इकडे तिकडे बघितलं. "ईस्टरच्या आधी जाणार आहे."

"कुठल्या ईस्टरच्या?"

"या."

"म्हणजे देवाला डेट दिलीस!" आणि म्हातारा उजव्या हाताने मांडीवर थाप मारून असा हसला की पलीकडच्या खाटेवरचे जुजे जागे झाले. माझ्या तोंडात मारल्यासारखं झालं. माझीच गोष्ट त्यांना सिस्टरनी सांगितली असणार.

माणूस खजील झाला की चिडतो. मीही चिडलो. "ठीक आहे बाबा, मी नाही तयार. तुम्ही तयार आहात. पूर्ण तयार. पण सुनंदा तयार होती का?"

"तिला मी जा म्हटलं होतं."

"ती गेली का?"

सुनंदा दारात औषधांचा ट्रे घेऊन उभी होती. तिला आत बोलावून मी तिच्यादेखत विचारलं. आता वाटतं, मी जरा कठोरपणाच केला.

"का नाही गेलीस?"

"अशी कशी जाणार, सर?" ती आधी माझ्यावरच उखडली. "खाटेवर माणूस सोडून? मला नाही हो तुमच्या चर्चमधलं काही कळत. मी आपली बुद्धविहारात जाणारी. पण हे काय विचारणं झालं? बाबा शर्ट मागत होते, मी दिला. चला म्हटलं तर येत नव्हते. म्हटलं, घालून तरी देते, मग येतील." बोलता बोलता तिचे डोळे भरून आले. "धूर असता तर मला पण कळलं असतं ना. माझ्या मुली आहेत घरी. पण पाय निघाला नसता."

तिने ट्रे ठेवला आणि बाहेर गेली. बाबा खिडकीकडे बघत राहिले. तिथून जेट्टीवरच्या बोटी दिसतात. मी 'येतो' म्हटलं, त्यांनी मान हलवली नाही. स्कूटर चालवत परत येताना मला वाटत होतं, आपण गेलो ते चुकलंच. मरणाची भीती गेलेल्या माणसाला आपण नवी भीती देऊन आलो.

चार दिवसांनी सिस्टरचा फोन आला. "बाबा बोलावतायत. म्हणाले, त्याला म्हणावं, घड्याळ घेऊन ये."

मी गेलो. बाबांची दाढी वाढलेली, डोळे खोल गेलेले. नमस्कार-चमत्कार काही नाही.

"बस. मी अडतीस वर्षं तांडेल होतो. सात खलाशी. तुझा बाप त्यातला एक. किनाऱ्याला लागायच्या आधी मी काय करायचो, ठावं हाय तुला?"

"डोकी मोजायचा."

"दर खेपेला. मोजून झाल्याबिगर मी पाय पाण्यात टाकला न्हाय. आणि परवा..." रोझरी हातात फिरवत राहिले. "तू गेल्यापासून मला जेवण जात न्हाय. मी देवापुढं उभा राहीन ना, तर तो शर्ट न्हाय बघणार. तो इचारील, बस्त्याव, तुझ्याबरोबर एक बाई होती. तिला दोन पोरी होत्या. ती बाई कुठं हाय? मी काय सांगू त्याला? माझी बटणं लावत होती?"

मी खिशातलं घड्याळ काढून खाटेवर ठेवलं.

"मला वाटलं मी रेडी हाय," बाबा म्हणाले. "मी फक्त कपडे तयार ठेवले होते. चल, दाखव तुझं ते ब्लँकेट. या एका हाताने मी काय करू शकतो ते बघ."

तर मी दाखवलं. ब्लँकेट ड्रॅगमध्ये सगळ्यात जास्त वेळ जातो माणसाला खाटेवरून ब्लँकेटवर घेण्यात. अंग जड असतं, धरायला नीट जागा नसते, आणि आया एकटी असते. माणसाने स्वतः कूस बदलली तर अर्धा वेळ वाचतो. बाबांची उजवी बाजू चांगली होती. खाटेच्या कडेचा दांडा धरायचा, गुडघा दुमडायचा, आणि लोळण घ्यायची. खाली गादी टाकलेली, तिच्यावर ब्लँकेट. पहिल्या दिवशी ते अर्ध्यात अडकले आणि त्यांनी उत्तनच्या कोळीवाड्यातल्या अशा शिव्या दिल्या की सिस्टर चॅपलकडे निघून गेल्या.

मग तो त्यांचा रोजचा नेम झाला. संध्याकाळच्या रोझरीत दहा-दहा प्रार्थनांची पाच दशकं असतात. एक दशक म्हणायचं, एक लोळण घ्यायची. पाच दशकं, पाच लोळणी. पाचव्या दिवशी सुनंदाचा फोन आला, "सर, बाबा माझ्या हाताशिवाय उतरले!" तिचा आनंद असा की जणू मुलगी पास झाली.

आणखी एक काम त्यांनी स्वतःच अंगावर घेतलं. हूटर वाजला की मजल्यावरच्या प्रत्येकाला नावाने हाक मारायची. आवाज बोटीवरचा, पाय गेले तरी आवाज गेला नव्हता. "आंतोन, उठलास का? पेद्रू, चप्पल शोधू नको! जुजे, कुठं हायस?" ज्याला ऐकू येत नाही त्याच्या शेजाऱ्याला सांगायचं, याला ढोस. बघता बघता वरचा मजला बोटीसारखा चालायला लागला. जेवणाआधीही हजेरी. कोणी रुसून जेवायला आला नाही की बाबांना आधी कळायचं. पेद्रू आणि आंतोन तीन वर्षं एका खोलीत राहून एकमेकांशी बोलत नव्हते. हाकेला ओ द्यायची म्हणून बोलायला लागले.

पंधरा दिवस झाल्यावर, ईस्टरआधीच्या उपासकाळातल्या एका शुक्रवारी, दुपारी बाराला मी गेलो. जेवणाची वेळ मुद्दाम निवडली. पानं वाढलेली असताना उठायला माणसाला सगळ्यात जड जातं. वॉचमन म्हणाला, "आ गए साहब?" आणि स्वतःच बाजूला झाला. मी काच फोडली.

अंगणात उभं राहून मी वरचा आवाज ऐकत होतो. एकेक नाव. एकेक ओ. मग जिन्यात घसरण्याचा आवाज, आणि "डोकं सांभाळ गं बाय, नारळ न्हाय तो!" बाबा आले. अंगात निळ्या चौकडीचा रोजचा शर्ट, त्यावर आमटीचा डाग. ब्लँकेटवर आडवे असतानाच त्यांनी मान उचलली आणि सिस्टरनी यादी उघडायच्या आत विचारलं, "सुनंदा कुठं हाय?"

"ही काय, तुमच्या डोक्याशी," ती धापा टाकत म्हणाली.

"मग झालं. मोजा."

चार मिनिटं दहा सेकंद. कोणी कमी नाही. मी तिथेच आंब्याला कागद टेकवून सही केली. माझ्या बावीस वर्षांतली ती पहिली सही, जिच्याबद्दल मला मनात काही खटकलं नाही. सिस्टरनी कागद घेतला, घडी घातली, आणि म्हणाल्या, "आमटी गार झाली. चला."

ईस्टर आला आणि गेला. मी चर्चमध्ये गेलो, मागच्या बाकावर बसलो, कन्फेशनची रांग लांब होती म्हणून घरी आलो. रीटा, माझी बायको, काही बोलली नाही. तिने बोलणं सोडून बरीच वर्षं झालीत.

मे महिन्यात बाबा गेले. दुपारचं जेवण झालं, त्यांनी हजेरी घेतली, सगळ्यांनी ओ दिली, म्हणाले, जरा पडतो. सुनंदा चहा घेऊन गेली तर संपलं होतं.

मातीला सगळं गाव होतं. पेटी उघडी ठेवली होती. मी फुलं ठेवायला वाकलो आणि बघतो तर काय, अंगात निळ्या चौकडीचा शर्ट. धुतलेला, पण तोच. उजव्या कोपराशी कापड विरलेलं, लोळण घेऊन घेऊन. मी सुनंदाकडे बघितलं. ती पांढरी साडी नेसून, डोक्यावर पदर घेऊन सिस्टरच्या शेजारी उभी होती.

"ट्रंकेतला शर्ट?" मी हळूच विचारलं.

"जुजेबाबांना दिला. त्यांच्या नातीचं लग्न होतं ना, त्यांच्याकडे धड शर्ट नव्हता." तिने पदराने डोळे पुसले. "मला म्हणाले, मी गेलो की जे अंगात असेल ते असू दे. बटणं लावत बसू नको."

फादर अनंतकाळच्या जीवनावर बोलले. चांगलं बोलले. पण माझं लक्ष त्या कोपराकडेच होतं. देवापुढे तो शर्ट घालून गेलेला माणूस आणि त्याच्यामागे रांगेत उभे दहा म्हातारे, सगळे ओ द्यायला शिकलेले. आता हाक कोण मारणार, असं मनात आलं तेवढ्यात कबरीपाशी पेद्रू खणखणीत आवाजात म्हणाला, "आंतोन, उन्हात उभा राहू नको, इकडं ये!" मी रडलो. तिथेच, सगळ्यांसमोर.

पुढच्या आठवड्यात बुधवारी भाईंदर पूर्वेच्या एका कारखान्यात माझं ऑडिट होतं, अकराला. वाटेत चर्च लागतं. बावीस वर्षं त्याच रस्त्याने जातोय. त्या दिवशी स्कूटर आत वळवली. काही ठरवलं नव्हतं. फादर व्हरांड्यात प्लंबरवर वैतागत होते.

"फादर, कन्फेशन करायचं होतं."

"शनिवारी संध्याकाळी असतं, साडेपाचला."

"शनिवार नको, फादर. आत्ता."

त्यांनी माझ्याकडे बघितलं. हातातल्या हेल्मेटकडे बघितलं. "काही झालंय का? आजारी वगैरे?"

"नाही. काहीच नाही झालेलं."

त्यांनी प्लंबरला थांबायला सांगितलं. आत बसल्यावर विचारलं, किती वर्षं झाली? मी सांगितलं, अकरा. पहिली पाच मिनिटं तर नुसतीच धूळ निघाली. मग खरं काय ते यायला लागलं. खोट्या सह्या आल्या. वडील शेवटी आजारी असताना 'रविवारी येतो' म्हणून न गेलेला मी, तो आला. बाहेर आलो तेव्हा प्लंबर कंटाळून निघून गेला होता.

कारखान्यात मी पाऊण तास उशिरा पोचलो. मॅनेजर दारातच. "सर, अकराचं म्हणाला होतात, आम्ही सकाळपासून तयार आहोत!" सिलेंडर रांगेत लखलखत होते. मी पहिला उचलला आणि मागे हात फिरवला.

"परत येईन," मी बोट पुसत म्हटलं.

"कधी सर? डेट देऊन ठेवा ना."

आजकाल देत नाही. त्यामुळे काही क्लायंट गेलेत, जाऊ देत. तारखेसाठी केलेली तयारी त्या तारखेपुरतीच असते, एवढंच माझं म्हणणं. आणि कुठलाही रिपोर्ट लिहिताना मी आता पहिला प्रश्न विचारतो तो बाबांनी ब्लँकेटवर आडवं पडून विचारलेल्या 'सुनंदा कुठं हाय?' मधूनच आलेला. तुमच्यासाठी मागे कोण थांबलंय?